गच्चीवरची केशरी

माझ्या भाऊजींनी जन्मभर लोकांना एकच प्रश्न विचारला. पहिली बरी की दुसरी?

चष्म्याचं दुकान त्यांचं. दुकान कसलं, दोन इमारतींच्या मधे उरलेली बोळकंडी. तिला पुढून काच लावली, वर पाटी ठोकली, झालं दुकान. आत लांबी इतकी कमी की अक्षरांचा तक्ता गिऱ्हाइकाच्या पाठीमागे टांगलेला आणि समोर आरसा. तक्त्यावरची अक्षरं उलटी छापलेली, म्हणजे आरशात ती सुलटी दिसायची. गिऱ्हाइकाच्या नाकावर ती तपासणीची जड गोल चौकट चढवायची, तिच्या खाचेत एक काच सरकवायची, ती काढून दुसरी सरकवायची, आणि मऊ आवाजात विचारायचं, पहिली बरी की दुसरी? माणूस गडबडला तरी भाऊजी कधी वैतागले नाहीत. स्वतःचा चष्मा मात्र कायम बोटांच्या ठशांनी भरलेला. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

मी ताईची धाकटी बहीण. त्यांच्याच इमारतीत खालच्या मजल्यावर राहते आणि लोकांना गाडी चालवायला शिकवते. या धंद्यानं माझा स्वभाव बिघडला की मुळात बिघडलेला होता म्हणून मी या धंद्यात आले, यावर ताई-भाऊजींचं कधी एकमत झालं नाही. शिकवायच्या गाडीत माझ्या पायाशीही एक ब्रेक असतो. त्यावरून भाऊजी मला ब्रेकबाई म्हणायचे.

ताई दुकानात फ्रेम निवडून द्यायची. "ही घालून तुम्ही सतत रागावलेले दिसता," असं ती अनोळखी माणसाला तोंडावर सांगायची आणि गंमत म्हणजे तो माणूस हसून दुसरी फ्रेम उचलायचा. मी तेच बोलले असते तर मार खाल्ला असता.

दोघांना मूल नव्हतं. गच्ची होती. गच्चीवर रंगाचे रिकामे डबे, फुटक्या बादल्या, एक जुना टब, आणि त्या सगळ्यांत चेरी टोमॅटो. दुसरं काही नाही. दरवर्षी एखाददुसरी नवीन जात आणायची, जुन्यांच्या बिया भाऊजी धरून ठेवायचे, आणि नर्सरीत त्यांची जी काही नावं असतील ती सोडून ताई आपली नावं ठेवायची. काळपट जांभळी होती ती सावळी. पिवळी आणि खाली फुगलेली ती पोटुशी. घोसाला शेकड्यानं लागणारी आणि चवीला पाणचट ती बडबडी. तिच्याकडे बघून दोघंही माझ्याकडे का बघायचे ते मी कधी विचारलं नाही. आणि एक नारिंगी रंगाची, पातळ सालीची, ती केशरी.

हंगाम भरात आला की दुकान बंद असण्याच्या दिवशी दुपारी गच्चीवर चाचणी व्हायची. डोळे मिटायला सांगितलं तर ताई फटीतून बघायची, म्हणून भाऊजींनी दुकानातली ती तपासणीची चौकट वर आणली. तिच्या दोन्ही खाचांत काळ्या चकत्या घालायच्या. एक डोळा तपासताना दुसरा झाकायला असतात ना, त्या. मग ताई खुर्चीत बसणार, नाकावर हे अवजड यंत्र, तोंड उघडं, आणि भाऊजी तिच्या जिभेवर एकेक टोमॅटो ठेवून विचारणार, "पहिली बरी की दुसरी?"

"दुसरी."

"आता ही बरी की ती मघाची?"

"मघाची. अहो, पाणी द्या की मधे! जीभ आहे का फळी?"

शेवटी उरायची ती केशरीच. दर वर्षी. ती आली की ताई चावायची थांबायची, गालात धरून ठेवायची आणि म्हणायची, "थांबा. आधी गोड येतंय... आता आलं आंबट. मागून आलं, चोरासारखं." मग एकटीच हसायची. डोळ्यांवर काळ्या चकत्या असलेलं माणूस हसताना फार विचित्र दिसतं. मी कठड्यावर बसून मीठ लावून मिळेल ती जात खायचे. मला टोमॅटोत टोमॅटोच लागायचा. भाऊजी म्हणायचे, "ब्रेकबाईच्या जिभेला कुणी लायसन्स देऊ नका रे."

असं चाललं होतं. मग एका वर्षी हंगामाच्या शेवटी ताईला ताप आला, तो छातीत उतरला, आणि तिला दवाखान्यात न्यावं लागलं. बरी होईल असंच सगळे धरून चाललो होतो. ती स्वतःसुद्धा. तोंडाला चव नाही म्हणून जेवण परत पाठवत होती. एक दिवस भाऊजींना म्हणाली, "केशरी आणा हो दोनचार. तेवढं खाईन."

गच्चीवर केशरीला शेवटचा घोस होता, पण सगळा हिरवा. भाऊजींनी तिच्या उशाशी बसून सांगितलं, "पिकली की आणतो. चार दिवस थांब."

ती थांबली नाही. घोस पिकला तेव्हा घरात माणसं बसायला येत होती, आणि भाऊजी मधेच उठून गच्चीवर जात होते. मी मागोमाग गेले तर ते त्या बादलीपुढे उभे. पिकलेले टोमॅटो नारिंगी झगमगत होते. मला इतका राग आला त्या झाडाचा! उपटून फेकणार होते. भाऊजींनी माझा हात धरला आणि म्हणाले, "हात नको लावूस. हे तिचे आहेत."

त्यांनी ते खाल्ले नाहीत. चिरले, गर काचेच्या पेल्यात पाण्यात घालून ठेवला, वर साय धरली तेव्हा धुतला, आणि बिया चष्मा पुसायच्या फडक्यावर वाळत घातल्या. मला समजावत होते, "कागदावर चिकटतात गं, फडक्यावर नाही." मी मान हलवत होते.

पुढच्या हंगामात त्यांनी बाकी काहीच लावलं नाही. सावळी नाही, पोटुशी नाही. डब्याडब्यात फक्त केशरीच्या बिया. दुकान उघडायच्या आधी वर, दुकान बंद करून वर. जेवायला बोलावलं की म्हणायचे, "आलो, पाणी घालून आलो." त्यांच्या मनात काय आहे ते त्यांनी एकदाच सांगितलं, तेही रोपांना काठ्या बांधताना, माझ्याकडे न बघता. "तिनं मागितलेला एक घास राहिलाय माझ्याकडे. तो तिच्या हातात देता येणार नाही, कळतं मला. वेडा नाहीये मी. पण तीच चव एकदा इथे यायला हवी. एवढंच."

फळं लागली. पिकली. आणि एका झाडाला आली लाल. दुसऱ्याला नारिंगी, पण चिंचेसारखी आंबट. तिसऱ्याची साल अशी की चावून चावून जबडा दुखावा. चौथ्याला फिक्कट पिवळी. एकाच फडक्यावरच्या बिया आणि एकाचं तोंड एकाला नाही!

भाऊजींनी सगळा आळ माझ्यावर घातला. "तू पेले हलवलेस. त्यात दुसऱ्या कशाच्या तरी बिया मिसळल्यास तू." मी कशाला गप्प बसते? मी म्हटलं, "मी तुमच्या पेल्यांना बोट लावलं असेल तर माझा हात झडो. तुमच्याच चष्म्यावर धूळ आहे, ती पुसा आधी!" ते खरोखर चष्मा पुसायला लागले. तेव्हा मला माझीच लाज वाटली आणि मी खाली येऊन भांडी आपटत घासली.

दुसऱ्या दिवशी एका शिकाऊ बाईला गाडी चालवायला लावून मी नर्सरी गाठली. नर्सरीवालीला तीन झाडांची तीन फळं दाखवली आणि हकिगत सांगितली. ती हात पुसत म्हणाली, "अहो, ती नारिंगी हायब्रीड होती. दोन वेगळ्या जातींचा संकर. तिच्या बिया धरल्या की नातवंडं येतात, कुणी आज्यावर, कुणी आजीवर. ती स्वतः परत येत नाही."

"पण पेरावं तसं उगवतं ना?"

"ज्यानं म्हटलं त्यानं हायब्रीड पेरलं नव्हतं." मग माझा चेहरा बघून तिनं आवाज उतरवला. "ताजं पाकीट घ्यायचं दरवर्षी. तुमची ताई माझ्याकडूनच न्यायची. आता ते यायचं बंद झालंय."

म्हणजे दरवर्षी ताईच नवं पाकीट आणत होती आणि आम्हा दोघांना पत्ता नाही. भाऊजींना वाटायचं, आपण पेल्यात धरलेल्या बियाच उगवतायत. बाकी जातींच्या धरलेल्या बिया खरोखरच तशाच यायच्या, म्हणून त्यांना शंका येण्याचं कारणच नव्हतं. केशरीच्या बिया ताई गुपचूप बदलत असणार. नवऱ्याच्या कौतुकाला धक्का नको म्हणून. तिचं असंच होतं. लोकांना फ्रेमबद्दल तोंडावर सांगायची, पण या माणसाला नाही.

नर्सरीवालीनं खण उपसला आणि तळातून एक चुरगळलेलं पाकीट काढलं. तेच चित्र, तीच कंपनी, तारीख केव्हाच उलटलेली. "उगवेल याची खात्री नाही," म्हणाली. मी ते छातीशी धरून घरी आणलं.

भाऊजींना मी हायब्रीडचं सांगितलं. पाकिटाचं नाही. उगवलं नाही तर त्यांची दुसऱ्यांदा माती व्हायची. आणि दुसरं असं की मला त्यांना चकित करायचं होतं. त्यांनी चौकट घालावी, तोंड उघडावं, आणि मी न सांगता त्यांच्या जिभेनंच ताईला ओळखावं. मला तो क्षण बघायचा होता. मी त्यासाठी काहीही केलं असतं.

हायब्रीडचं ऐकून ते म्हणाले, "नातवंडांत एखादं हुबेहूब आजीसारखं निघतं की. बघायला लागेल." आणि त्यांनी त्या सगळ्या झाडांच्या बिया धरल्या. पुढच्या खेपेला गच्चीवर पाय ठेवायला जागा उरली नाही. रंगाचे डबे संपले तेव्हा कढया वर गेल्या, मग ताईची धुण्याची बादली. चाचणी स्वतःच घ्यायचे, स्वतःच द्यायचे. चौकट नाकावर, दोन्ही हातांत दोन टोमॅटो, आणि आपणच आपल्याला विचारायचे. "पहिली की दुसरी?" जिन्यातून वर जाताना मला ते ऐकू यायचं आणि मी अर्ध्यातून मागे फिरायचे.

इकडे माझ्या न्हाणीच्या खिडकीत पाकिटातल्या सगळ्या बियांतून एकच कोंब वर आला होता. माझ्या हातून निवडुंग मेलेला आहे, हे लक्षात घ्या. पण या कोंबाची मी बडदास्त ठेवली. गाडी शिकायला येणाऱ्यांवर ओरडून झालं की घरी येऊन त्याच्याशी हळू बोलायचे. फुलं आली तेव्हा नर्सरीवालीनं सांगितल्याप्रमाणे देठाला टिचक्या मारल्या. आणि शेवटी घोस लागला. हिरवा, मग फिका, मग नारिंगी. एकही चाखला नाही मी. पहिला त्यांचाच.

सुट्टीच्या दिवशी दुपारी डब्यात घालून वर गेले. "भाऊजी, आज मी विचारते. तुम्ही फक्त खा."

"तुझी जीभ..."

"माझी जीभ राहू द्या. मी फक्त भरवणार. बसा."

ते बसले. चौकट घातली. काळ्या चकत्यांच्या वर त्यांच्या भुवया दिसत होत्या, त्या पांढऱ्या कधी झाल्या ते माझ्या लक्षात आलं नव्हतं. आधी मी त्यांच्याच झाडांची एक दिली. ते चावले, मान हलवली. पाणी प्यायले. मग मी माझ्या डब्यातली एक काढली. ती त्यांच्या जिभेवर ठेवली.

ते चावले. मी त्यांच्या तोंडाकडे बघत होते.

"पहिली बरी की दुसरी?"

"पहिली," भाऊजी म्हणाले. "दुसरी नुसतीच गोड आहे. ही नाही. पुढची दे."

मला वाटलं, ऐकण्यात चूक झाली. मी आणखी एक दिली. "ही?"

"ही मघाचीच ना? नाही गं, ही नाही. जवळपासही नाही."

मी डब्यातली एक माझ्या तोंडात टाकली. मीठ नव्हतं. आणि खरं सांगते, मला चवीतलं काही कळत नाही. पण आधी गोड आलं. मग मागून, चोरासारखं, आंबट आलं. आणि माझी ताई सगळीच्या सगळी माझ्या तोंडात येऊन उभी राहिली, खुर्चीत बसलेली, गालात टोमॅटो धरलेली, काळ्या चकत्यांआड हसणारी. मला रडू फुटलं. आवाज दाबायला गेले, पण नाही जमलं.

"काय झालं?" भाऊजींनी चौकट उतरवली. "रडतेस कशाला?"

खोटं बोलता आलं असतं. ठसका लागला म्हणता आलं असतं. पण उचलली जीभ लावली टाळ्याला हा माझा जन्मजात रोग. मी डबा त्यांच्यापुढे धरला आणि पाकिटाचं, नर्सरीवालीचं, खिडकीतल्या झाडाचं, ताई दरवर्षी बिया बदलायची त्याचं, सगळं सांगून टाकलं.

ते ऐकत राहिले. मग डब्यातली एक उचलून त्यांनी उन्हात धरली, चष्म्याची काच तपासतात तशी, आणि खाल्ली. डोळे उघडे ठेवून. खूप वेळ चावत होते.

"ही होती?"

"हीच."

"नक्की?"

"भाऊजी, नक्की."

ते खुर्चीत मागे टेकले. "दुकानात मी सगळ्यांना सांगतो," ते म्हणाले, "फार काचा बदलू नका. बदलत राहिलं की डोळा दमतो, मग त्याला खरी काचसुद्धा धूसर दिसते. अशा वेळी चौकट उतरवायची आणि माणसाला म्हणायचं, उद्या या." मग त्यांनी गच्चीभर पसरलेल्या त्या डब्यांकडे, कढयांकडे, ताईच्या बादलीकडे पाहिलं. "मी किती खाल्ल्या गं. तिची चव शोधता शोधता मीच ती पुसली. आता उद्या ती स्वतः दारात येऊन उभी राहिली, तर मी तिलाही म्हणेन का, ही नाही, पुढची दे?"

मी त्यांच्या खुर्चीशी खाली बसले. ते रडत होते. आवाज न करता, ठशांनी भरलेल्या चष्म्याच्या आत.

मग त्यांनी डबा मांडीवर घेतला आणि एकेक खायला लागले. तुलना नाही, पाणी नाही, प्रश्न नाही. नाही, प्रश्न होता. प्रत्येक वेळी चावून झालं की माझ्याकडे वळून विचारायचे, "अशीच?"

"अशीच."

"आधी गोड?"

"आधी गोड. मग मागून आंबट. ती म्हणायची, चोरासारखं."

"हो, म्हणायची," ते म्हणायचे, आणि पुढची उचलायचे. हे त्यांना आठवत होतं. तिचा आवाज, तिचं हसणं, चौकटीचा तिच्या नाकावर पडलेला वळ, सगळं आठवत होतं. फक्त तोंडात काहीच येत नव्हतं. ऊन कठड्यावरून खाली गेलं. खालच्या रस्त्यावर कुणीतरी गिअर चुकीचा टाकला आणि गाडी गचके खात थांबली, आणि माझा पाय सवयीनं पुढे झाला, नसलेल्या ब्रेकवर.

डब्यात शेवटची एक राहिली. भाऊजींनी ती बोटांत धरली, तोंडापर्यंत नेली, आणि मग माझ्यापुढे केली.

"ही तू खा," ते म्हणाले. "तुला कळतं."